महिना पन्नास डॉलर

मागच्या भागात आम्ही डॉ. अदिती पंत यांच्याविषयी बोललो होतो. नागपुरात जन्मलेल्या, समुद्राचा अभ्यास करणाऱ्या अदितीताई १९८३ च्या डिसेंबरात गोव्याहून जहाजाने अंटार्क्टिकाला निघाल्या. बरोबर भूशास्त्राच्या अभ्यासक सुदीप्ता सेनगुप्ता होत्या. तो भाग ऐकून आमच्या शिलाईच्या बॅचमधल्या बायकांनी एकच प्रश्न लावून धरला. बर्फ बघायची हौस समजली, पण त्या थंडीत अंगावर घालायचं ते शिवतं कोण?

आम्हाला वाटलं, अंटार्क्टिका कुठे आहे, तिथे खातात काय, असं काही विचारतील. पण मशीनवर बसणारी बाई कपड्याचंच विचारणार. त्या प्रश्नाचं उत्तर शोधता शोधता आम्ही दक्षिण टोकाकडून थेट उत्तरेकडे पोचलो आणि तिथे भेटली एडा ब्लॅकजॅक.

आधी शिवणाचं सांगतो. उत्तर ध्रुवाकडच्या मुलखात बूट उसवला तर पाय ओला होतो, ओला पाय गोठतो आणि गोठलेली बोटं कापावी लागतात. म्हणून अलास्कातल्या इनुपियाट लोकांत टाका घट्ट घालणारी बाई घरात असणं म्हणजे माणसं जिवंत राहणं. कॅरिबू नावाच्या हरणाचं कातडं, सीलचं कातडं, आणि दोरा म्हणून जनावराच्या पाठीच्या कण्यालगतची तात. तिच्या बारीक चिरट्या काढून त्यांनी शिवायचं. ही तात ओली झाली की फुगते, सुईची भोकं आपोआप बुजतात आणि पाणी आत येत नाही. गोरे संशोधक त्या भागात जायचे, तेव्हा शहाणे असले तर शिवणारी बाई सोबत न्यायचे. पुस्तकांच्या मुखपृष्ठावर मात्र फोटो दाढीवाल्यांचेच.

एडाचा जन्म १८९८ चा. वाढली नोम या गावात, मिशनऱ्यांच्या हाताखाली. लिहा-वाचायला, स्वयंपाक, शिवण असं शिकली. शिकार, बंदूक, सापळे यातलं तिला काही येत नव्हतं. सोळाव्या वर्षी लग्न झालं. तीन मुलं, त्यातली दोन गेली. नवऱ्याने टाकलं. उरलेल्या पाच वर्षांच्या बेनेटला घेऊन ती चाळीस मैल चालत नोमला आली. पोरगं दमलं की उचलून घ्यायची. बेनेटला क्षय होता. औषधपाण्याला पैसा नाही, म्हणून त्याला अनाथाश्रमात ठेवावं लागलं. आई जिवंत असताना पोर अनाथाश्रमात! आम्ही हे वाचून दाखवलं तेव्हा दोघी-तिघींनी मान खाली घातली. कोणाचं काय आठवलं, ते आम्ही विचारलं नाही.

१९२१ साली नोममध्ये एक मोहीम आली. तिला इंग्रजी येणारी शिवणकाम करणारी बाई हवी होती. पगार महिना पन्नास डॉलर. जायचं होतं रँगल बेटावर, सायबेरियाच्या उत्तरेला. आणखी इनुपियाट कुटुंबं येणार आहेत असं तिला सांगितलं होतं. निघायच्या वेळी ती आलीच नाहीत. आता चार परके पुरुष आणि ती एकटी. नोममधल्या एका जाणत्याने तिला मृत्यू आणि संकट पुढे दिसतंय असंही सांगितलं होतं. तरी ती गेली. हौस म्हणून नव्हे, बर्फाची ओढ म्हणून नव्हे. पगार हाती आला की बेनेटला घरी आणायचं होतं.

ओढ कोणाची होती, तर विल्हिआल्मूर स्टेफान्सन या गृहस्थांची. उत्तरेत फिरलेला, नाव कमावलेला माणूस. बंदूक चालवता आली की तिथे कोणी उपाशी मरत नाही, तो मुलूख मित्रासारखा आहे, असं तो व्याख्यानांतून सांगायचा. त्याच अर्थाच्या नावाचं त्याचं पुस्तक १९२१ मध्येच निघालं. व्याख्यानाला गर्दी व्हायची आणि पोरांची डोकी फिरायची. (आम्हीही इथे माइकसमोर बसून बोलतोच आहोत, म्हणून हे लिहिताना जरा चाचरलो.) रँगल बेटावर ब्रिटिश झेंडा लावायचा, माणसं राहतात असं दाखवायचं आणि बेट आपलं म्हणायचं, असा त्याचा बेत. चौघं निवडले. प्रमुख म्हणून ॲलन क्रॉफर्ड, वीस वर्षांचा कॅनेडियन विद्यार्थी. बाकी लॉर्न नाइट, फ्रेड मॉरर आणि मिल्टन गॉल हे अमेरिकन. स्टेफान्सन स्वतः गेला नाही.

यातला मॉरर आम्हाला सगळ्यात कोड्यात टाकतो. कारण तो त्या बेटावर आधी मरता मरता वाचला होता. १९१३ मध्ये स्टेफान्सनच्याच मोहिमेचं कार्लुक नावाचं जहाज बर्फात अडकलं. स्टेफान्सन शिकारीला जातो म्हणून काही जणांना घेऊन उतरला आणि जहाज बर्फाबरोबर वाहून गेलं. १९१४ च्या जानेवारीत ते बुडालं. पंचवीस जणांपैकी अकरा मेले. उरलेले रँगल बेटावर महिनोन्महिने अडकून पडले. त्यांच्यात किरूक नावाची इनुपियाट बाई होती, नवरा आणि दोन लहान मुलींसकट. जहाज फुटायच्या आधीपासून ती सगळ्यांचे कपडे आणि बूट शिवत होती. ते चौघंही जिवंत परतले, धाकटी तर तीनच वर्षांची होती. हे सगळं डोळ्यांनी पाहिलेला मॉरर सात वर्षांनी पुन्हा त्याच बेटावर निघाला. थंड, उघड्या मुलखाची ओढ अशी काही असते म्हणतात. दारूच्या व्यसनाचं आम्ही गावोगाव पाहिलंय, हे आम्हाला त्याच जातीचं वाटलं. पण घरातल्या बाईशिवाय तेही चालत नाही, हेही/च तितकंच खरं.

१६ सप्टेंबर १९२१ ला ते बेटावर उतरले. झेंडा लागला. शिधा सहा महिन्यांचा, बाकी शिकारीवर भागेल असा हिशेब. सोबत व्हिक नावाची मांजर होती. सुरुवातीला एडा घरच्या आठवणीने आणि अस्वलांच्या भीतीने खचली. रडायची, शिवायला बसायची नाही. तेव्हा या लोकांनी तिला उपाशी ठेवलं, झेंड्याच्या खांबाला बांधलं. वीर म्हणून ज्यांची नावं छापली जातात, त्यांच्याबद्दल हेही सांगितलं पाहिजे. पुढे ती सावरली आणि कामाला लागली.

१९२२ च्या उन्हाळ्यात शिधा घेऊन टेडी बेअर नावाचं जहाज निघालं. बर्फाने वाट अडवली, ते परत फिरलं. शिकारही आटली. दुसरा हिवाळा लागला तेव्हा पोटाला पुरेसं काही उरलं नाही. २८ जानेवारी १९२३ ला क्रॉफर्ड, मॉरर आणि गॉल कुत्र्यांची गाडी घेऊन गोठलेल्या समुद्रावरून सायबेरियाकडे मदत आणायला निघाले. अंतर सुमारे १४० किलोमीटर. ते पुन्हा कोणाला दिसले नाहीत.

मागे राहिली एडा आणि आजारी नाइट. त्याला स्कर्व्ही झाला होता. ताजं अन्न न मिळाल्याने, क जीवनसत्त्वाच्या अभावाने हा रोग होतो. हिरड्यांतून रक्त येतं, अंगावर डाग पडतात, माणूस उठू शकत नाही. आपल्याकडे परसात आवळा असतो, लिंबू असतं. तिथे ते मिळायचं फक्त ताज्या मांसातून, आणि शिकार करणारा अंथरुणावर. म्हणून एडा उठली. सापळे लावायला शिकली आणि फेब्रुवारीत पहिला कोल्हा पकडला. चहाचे रिकामे डबे मांडून नेमबाजी शिकली. लाकडं फोडली, पाणी केलं, नाइटच्या पायाशी गरम वाळूच्या पिशव्या ठेवल्या. तो वेदनेने चिडून तिला वाटेल ते बोलायचा, एकदा पुस्तकही फेकून मारलं. मार्चपासून तिने रोजनिशी धरली होती. त्यात तिने हे सगळं लिहून ठेवलंय, फारसं न रागावता.

त्याच रोजनिशीत एप्रिलमध्ये तिने आपलं मागचं लिहिलं. मी मेले तर माझ्या वस्तू बेनेटला द्या. बेनेटच्या शाळेच्या दप्तरासाठी एक काळी पट्टी ठेवली आहे, ती त्याला पोचू दे. हे वाचलं तेव्हा आमच्या बॅचमध्ये सगळ्या मशिनी थांबल्या होत्या.

२३ जूनला नाइट गेला. एडाने तारीख लिहून ठेवली. कितीची वेळ होती ते कळलं नाही, पण कोणत्या महिन्यात, कोणत्या दिवशी गेला हे स्टेफान्सनसाहेबांना कळावं म्हणून लिहिते, अशा अर्थाची नोंद. आम्ही गटांची इतिवृत्तं लिहायला शिकवतो, अशी चोख नोंद फार कमी पाहिली. प्रेत हलवायचं बळ तिच्यात नव्हतं. जनावरांनी ओढू नये म्हणून भोवती खोकी रचली आणि ती सामानाच्या तंबूत राहायला गेली. उशाशी बंदूक टांगली. अस्वल लांबून दिसावं म्हणून वाहून आलेल्या लाकडांचा माळा बांधला. पक्षी मारले, सील मारले, कातड्याची होडी बांधली. मोहिमेचा कॅमेरा वापरायला शिकून स्वतःचे फोटोसुद्धा काढले. हे जवळजवळ दोन महिने, ती आणि व्हिक मांजर.

ऑगस्टमध्ये हॅरॉल्ड नॉइस जहाज घेऊन पोचला. पाच जणांपैकी एकटी शिवणकामवाली जिवंत होती.

पुढचा हिशेब बायकांनी आम्हाला दोनदा विचारला, म्हणून इथेही सांगतो. एडाला मिळाला तो पगार आणि तिने पकडलेल्या कोल्ह्यांच्या कातड्यांचे काहीशे डॉलर. तिच्या कहाणीवर लेख निघाले, पुस्तकं खपली, त्यातलं तिला काही मिळालं नाही. वर नॉइसने वर्तमानपत्रांतून आरोप केला की तिने नाइटची सेवा केली नाही. तिने नाइटच्या आई-वडिलांची भेट घेतली. मुलगा गमावलेल्या त्या दोघांनी जाहीरपणे सांगितलं की एडाने होतं नव्हतं ते केलं. बेटाचं म्हणाल, तर नॉइसने तिथे चार्ल्स वेल्स आणि काही अलास्काची माणसं मागे ठेवली होती. १९२४ मध्ये सोव्हिएत जहाजाने येऊन त्यांना उचलून नेलं. बेट आजही रशियाकडे आहे.

एडाने हातात आलेल्या पैशांतून बेनेटला अनाथाश्रमातून काढलं आणि उपचारासाठी सिॲटलला नेलं. पुढे तिला बिली नावाचा आणखी एक मुलगा झाला, गरिबी काही सुटली नाही. बेनेटची तब्येत कायम नाजूक राहिली, तरी तो १९७२ पर्यंत जगला. एडा ८५ वर्षांची होऊन १९८३ च्या मे महिन्यात गेली. तिला बेनेटशेजारी पुरलं आहे.