प्रवासातील संसार आणि त्याचा साक्षीदार

वकिलीच्या व्यवसायात छायाचित्राशी वारंवार गाठ पडते. १८७२ च्या भारतीय पुरावा कायद्यात दस्तऐवजाची उदाहरणे देताना छापलेल्या व शिळाछापाच्या शब्दांबरोबर छायाचित्रित शब्दांचाही उल्लेख केलेला होता. १ जुलै २०२४ पासून त्या कायद्याच्या जागी भारतीय साक्ष्य अधिनियम आला. तरी छायाचित्र न्यायालयापुढे ठेवले की निघणारे प्रश्न जुनेच असतात. हे कोणी घेतले? कोठे? केव्हा? यात काही फेरफार तर झालेला नाही ना? ज्याचे छायाचित्र निघाले त्याला त्या वेळी काय वाटले, हे विचारण्याचे कारण तेथे सहसा पडत नाही. न्यायालयापुरते ते ठीकच आहे. घरातल्या छायाचित्रांनाही आपण तोच न्याय लावावा काय, एवढाच माझा प्रश्न आहे.

आपल्या घरोघरी असे संग्रह असतात. कुलदेवतेच्या जत्रेला निघताना मोटारीपाशी उभे राहिलेले कुटुंब, दीपमाळेपुढे ओळीने बसविलेली मुले, वाटेत झाडाखाली शिदोरी सोडून बसलेल्या बायका. चित्राच्या पाठीमागे गावाचे नाव आणि साल लिहिलेले असते; माणसांची नावे बहुधा नसतात, कारण ती सर्वांना ठाऊकच असतात असे लिहिणाऱ्याला वाटलेले असते. आणि ज्याने चित्र घेतले तो कर्ता पुरुष त्यात कोठेच नसतो. एका जगप्रसिद्ध छायाचित्रसंग्रहाचे शेवटचे पान पाहताना मला आपल्या याच संग्रहांची आठवण झाली.

तो संग्रह रॉबर्ट फ्रँक याचा. फ्रँकचा जन्म ९ नोव्हेंबर १९२४ रोजी स्वित्झर्लंडमधील झुरिच येथे एका ज्यू कुटुंबात झाला. वडील मूळचे जर्मन. परदेशस्थ जर्मन ज्यूंचे नागरिकत्व नाझी राजवटीने १९४१ मध्ये हिरावून घेतले, तेव्हा झुरिचमध्ये जन्मलेला हा मुलगाही कोणत्याच देशाचा उरला नाही. स्विस नागरिकत्व त्याला १९४५ मध्ये मिळाले आणि १९४७ मध्ये तो अमेरिकेस गेला. तेथे १९५० मध्ये त्याने मेरी लॉकस्पायझर हिच्याशी विवाह केला. मेरीचा जन्म १९३३ मधला. म्हणजे संसार सुरू झाला तेव्हा ती अजून मुलगीच होती. १९५१ मध्ये पाब्लो आणि १९५४ मध्ये आंद्रेआ अशी दोन मुले झाली. न्यूयॉर्कच्या बिऱ्हाडात मेरीची आणि तान्ह्या मुलांची अनेक छायाचित्रे फ्रँकने घेतली.

१९५५ मध्ये त्याला गुगेनहाइम अभ्यासवृत्ती मिळाली. ज्येष्ठ छायाचित्रकार वॉकर एव्हान्स याने त्यासाठी शब्द टाकला होता. संपूर्ण अमेरिका हिंडून तेथील जीवन टिपावयाचे, असा संकल्प होता. एक जुनी फोर्ड गाडी आणि लायका कॅमेरा एवढ्या सामग्रीवर तो निघाला. ७ नोव्हेंबर १९५५ रोजी आर्कान्सा राज्यातील मॅकगी गावापाशी पोलिसांनी त्याला अडविले. न्यूयॉर्कच्या क्रमांकाची गाडी, कळकट कपडे, परदेशी बोली, आत कॅमेरे व परभाषेतील कागद; एवढ्यावरून हा कोणी कम्युनिस्ट हेर असावा असा संशय घेण्यात आला. काही तास कोठडीत ठेवून, बोटांचे ठसे घेऊन मग त्याला सोडले. ज्याला कोवळ्या वयात एका राज्यसत्तेने अनागरिक ठरविले होते, त्याला दुसऱ्या देशात पुन्हा आपली ओळख सिद्ध करावी लागली.

त्यानंतर थोड्याच दिवसांत त्याने न्यू ऑर्लिन्समधील ट्रामगाडीचे ते सुप्रसिद्ध चित्र घेतले. पुढच्या खिडक्यांत गोरे, मागच्या खिडक्यांत काळे. प्रत्येक खिडकी जणू वेगळी चौकट. १ डिसेंबर १९५५ रोजी मॉन्टगोमेरी शहरात रोझा पार्क्स हिने बसमधील आपली जागा सोडण्याचे नाकारले व तिला अटक झाली, ही घटना त्यानंतर काही आठवड्यांतली आहे. फ्रँकची साक्ष अशी अगदी वेळेवर नोंदली गेली होती.

त्याच नोव्हेंबरात टेक्सासमध्ये मेरी व मुले त्याला येऊन मिळाली आणि चौघांचा प्रवास पश्चिमेकडे सुरू झाला. पाब्लो पाचव्या वर्षात होता, आंद्रेआ दीड वर्षाची. गाडीतच झोपणे, गाडीतच खाणे. लहान मुलांना घेऊन ज्याने शंभर मैलांचा प्रवास केला असेल त्याला मेरीच्या वाट्याला काय आले हे सांगावयास नको. वाटेत डेल रिओ या गावी जाताना फ्रँकने रस्त्याच्या कडेला गाडी थांबविली, खाली उतरला आणि एक चित्र घेतले. चित्रात गाडीचा एवढासा अर्धा भाग दिसतो. एक दिवा जळतो आहे. काचेमागे थकलेली मेरी आणि तिला टेकलेला पाब्लो. उरलेली सारी जागा रित्या रस्त्याची आणि फिकट आकाशाची. ८३ चित्रांच्या त्या ग्रंथाचा शेवट याच चित्राने होतो.

या चित्राखालच्या ओळीत महामार्गाचा क्रमांक आहे, पुढच्या गावाचे नाव आहे, राज्याचे नाव आहे. मेरीचे नाव नाही. रस्त्याला नाव मिळाले, पत्नीला मिळाले नाही. ग्रंथातील इतर शेकडो अनामिकांच्या रांगेत त्याने आपल्या माणसांनाही बसविले, हा त्याचा प्रामाणिकपणा मानता येईल. परंतु साक्षीदार गाडीच्या बाहेर उभा होता, हेही त्याच चित्रावरून सिद्ध होते. आत बसला असता तर चित्र निघाले नसते.

दुसऱ्या एका दांपत्याचे चित्र याच्या शेजारी ठेवून पाहावे. १९५६ मध्ये सॅन फ्रान्सिस्को येथे एका टेकडीवरील हिरवळीवर एक कृष्णवर्णीय जोडपे शहराकडे पाहत बसले होते. फ्रँक मागून गेला. चाहूल लागताच दोघांनी मान वळविली, आणि त्या नजरांतील संताप कॅमेऱ्यात उमटला. फ्रँकला स्वतःला हे चित्र फार आवडे. त्या दोघांनी वळून पाहिले म्हणून त्यांची हरकत नोंदली गेली. मेरी पेंगुळलेली होती. तिची हरकत असती तरी ती नोंदण्याची सोय नव्हती.

पुढे मेरी मुलांना घेऊन न्यूयॉर्कला परतली व फ्रँकने उरलेला रस्ता एकट्याने पुरा केला. सुमारे २७,००० चित्रांतून ८३ निवडली गेली. ‘लेझ आमेरिकँ’ या नावाने तो ग्रंथ रोबेर देल्पीर याने १९५८ मध्ये पॅरिसला प्रसिद्ध केला. १९५९ ची अमेरिकन आवृत्ती जॅक केरूअॅक याच्या प्रस्तावनेसह निघाली. आरंभी तेथील टीकाकारांनी त्यावर कठोर टीका केली. आज त्याची गणना विसाव्या शतकातील श्रेष्ठ छायाचित्रग्रंथांत होते. ग्रंथ टिकला, संसार टिकला नाही. १९६९ मध्ये रॉबर्ट आणि मेरी विभक्त झाले. मेरी पुढे शिल्पकार व चित्रकार म्हणून स्वतःच्या नावाने ओळखली गेली.

त्याच १९६९ सालची एक गोष्ट मला फार मोलाची वाटते. पाब्लो आणि आंद्रेआ तेव्हा व्हरमाँट राज्यात शिकत होती. फ्रँक तेथे गेला व त्याने ‘कॉन्व्हर्सेशन्स इन व्हरमाँट’ हा लघुपट केला. लहानपणीची छायाचित्रे मुलांपुढे ठेवून त्याने त्या दिवसांविषयी त्यांच्याशी बोलणे काढले. मुले मोकळेपणी बोलत नाहीत, बाप अडखळतो. आमच्या भाषेत सांगावयाचे तर, इतकी वर्षे एकतर्फी चाललेल्या दाव्यात त्याने प्रतिपक्षाला उलटतपासणीची संधी दिली. उशिरा दिली, पण दिली.

फार उशीर झाला नव्हता हे पुढे कळले. २८ डिसेंबर १९७४ रोजी ग्वातेमालातील तिकाल येथे विमान कोसळून आंद्रेआ गेली. तिला एकविसावेही लागून वर्ष पुरे झाले नव्हते. पाब्लो दीर्घ आजारपण भोगून १९९४ मध्ये निवर्तला. फ्रँक आपली दुसरी पत्नी, चित्रकार जून लीफ, हिच्यासह कॅनडातील नोव्हा स्कोशियात मॅबू येथे समुद्रकाठी राहू लागला होता. तेथे त्याने दूरचे रस्ते टिपले नाहीत. खिडकी, समुद्र, दोरीवर लटकविलेली जुनी चित्रे, आरसा, घरातल्या वस्तू हेच त्याचे विषय झाले. चित्र पुरेसे बोलत नाही असे वाटून की काय, तो निगेटिव्हवर शब्द ओरखडू लागला. छायाचित्रित शब्दाला दस्तऐवज म्हणणाऱ्या १८७२ च्या कायदेपंडितांना असा दस्तऐवज स्वप्नातही दिसला नसेल. ९ सप्टेंबर २०१९ रोजी, वयाच्या ९४ व्या वर्षी, फ्रँकचे निधन झाले.

फ्रँकला दोषी ठरविण्याचा माझा हेतू नाही. तो बाहेर उभा राहिला नसता तर एका देशाला स्वतःचे खरे रूप दिसले नसते. मात्र जवळच्या माणसांची साक्ष त्यांच्या हयातीत घ्यावी लागते, आणि ती घेतल्यावाचून कोणताही पुरावा पुरा होत नाही, हे त्याच्या चरित्रावरून दिसते.

आपला विवाह अग्नीच्या साक्षीने होतो. संसाराला पुढे साक्षीदार कोण? म्हणून वाचकांना एवढीच विनंती. येत्या सणाला सारी एकत्र जमतील तेव्हा जुना संग्रह पेटीतून काढावा. चित्रांच्या पाठीमागे गावाच्या खाली माणसांची नावे लिहावी. विशेषतः आज्या, आत्या, काकू यांची माहेरची व सासरची दोन्ही. आणि ज्या अजून आपल्यात आहेत त्यांच्याजवळ बसून विचारावे, की त्या दिवशी मोटारीत तुम्हांला काय वाटत होते? उत्तर कदाचित अवघड येईल. तेही त्याच चित्रामागे लिहून ठेवावे.