नवा फोन, मंद वायफाय : एका ‘कचरा’ पट्ट्याचा इतिहास (थ्रेड)

नवा फोन घरी येतो. खोक्यावर वायफायची अलीकडची पिढी अभिमानाने छापलेली असते. पहिल्याच संध्याकाळी वेगाची चाचणी घेतली जाते आणि आकडा जुन्या फोनइतकाच, कधी त्याहूनही कमी निघतो. मोबाइल डेटावर मात्र तोच फोन सुसाट चालतो. दोष आधी फोनला दिला जातो, मग इंटरनेट कंपनीला, आणि शेवटी राउटर बंद करून पुन्हा चालू केला जातो.

या मंदपणाचा मोठा भाग पुष्कळदा फोनमध्येही नसतो आणि तारेमध्येही नसतो. तो गेल्या पाऊणशे वर्षांत घेतल्या गेलेल्या काही निर्णयांत दडलेला असतो. त्या निर्णयांचा हा मागोवा.

आरंभ होतो तो स्वयंपाकघरात. दुसऱ्या महायुद्धात रडारसाठी बनवलेल्या मॅग्नेट्रॉन नळीने अन्नही शिजते, हे रेथिऑन कंपनीतील अभियंता पर्सी स्पेन्सर याने ओळखले आणि १९४५ मध्ये पेटंटसाठी अर्ज केला. पण अशा भट्ट्या आणि कारखान्यांतील तापनयंत्रे रेडिओलहरींचा गोंगाट करणार, हे उघड होते. तो गोंगाट कोठे होऊ द्यायचा?

१९४७ साली अटलांटिक सिटी येथे भरलेल्या आंतरराष्ट्रीय रेडिओ परिषदेने उद्योग, विज्ञान आणि वैद्यक यांच्या यंत्रांसाठी काही लहरीपट्टे राखून ठेवले. २४५० मेगाहर्ट्झच्या आसपासचा पट्टा त्यांपैकी एक. अट साधी होती : या पट्ट्यात जो संदेशवहन करील, त्याने यंत्रांचा गोंगाट मुकाट्याने सोसावा. साहजिकच संदेशवहनाच्या दृष्टीने हे पट्टे टाकाऊ ठरले आणि पुढे त्यांना ‘कचरा पट्टे’ म्हटले जाऊ लागले. (पाण्याचे रेणू नेमके याच वारंवारतेला अनुनादित होतात म्हणून ती निवडली गेली, ही समजूत आजही प्रचलित आहे. ती चुकीची आहे. पाण्याचे सर्वाधिक शोषण याहून कितीतरी वरच्या वारंवारतांना होते.)

दुसरा धागा हवाई बेटांवरचा. तेथील विद्यापीठात नॉर्मन अब्रॅमसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७१ मध्ये ‘अलोहानेट’ सुरू केले. वेगवेगळ्या बेटांवरील केंद्रे एकाच रेडिओ वाहिनीवरून मुख्य संगणकाशी बोलत. कोणी केव्हा बोलायचे, हे ठरवणारा कोणीही नव्हता. ज्याला बोलायचे त्याने बोलावे. दोन संदेश एकमेकांवर आदळले, तर दोघांनी यादृच्छिक काळ थांबून पुन्हा प्रयत्न करावा.

आपल्याकडे पाटाच्या पाण्याची पाळी पाटकरी ठरवतो. अलोहानेटला पाटकरीच नव्हता. त्यामुळे व्यवस्था स्वस्त आणि लवचीक झाली, पण तिची किंमतही होती : गणिताने वाहिनीच्या क्षमतेचा जेमतेम १८ टक्के भागच उपयोगात येऊ शकत होता. पुढे ‘बोलण्यापूर्वी ऐका’ हा शिष्टाचार जोडला गेला आणि स्थिती बरीच सुधारली. तरी मूळ तत्त्व कायम राहिले. वायफाय याच कुळातले आहे. घरातील प्रत्येक उपकरण आधी कानोसा घेते, हवा मोकळी दिसली की क्षणभर थांबते आणि मगच बोलते. शेजाऱ्याचा राउटर त्याच वाहिनीवर असेल, तर त्याच्यासाठीही थांबते.

हे दोन धागे एकत्र आले ते ९ मे १९८५ रोजी. अमेरिकेच्या संघीय दळणवळण आयोगाने कचरा पट्टे विनापरवाना संदेशवहनासाठी खुले केले. त्यामागचा मुख्य आग्रह आयोगातील अभियंता मायकेल मार्कस यांचा. अट अशी होती, की संदेश एका अरुंद वारंवारतेवर न ठेवता रुंद पट्ट्यावर पसरवावा, म्हणजे गोंगाटातही तो तग धरील. (येथे अभिनेत्री हेडी लमार हिचे नाव हटकून येते. १९४२ चे तिचे आणि संगीतकार जॉर्ज अँथाइल यांचे पेटंट खरे आहे, पण ते पाणतीरांच्या नियंत्रणासाठी होते. ‘वायफायची जननी’ हे बिरुद समाजमाध्यमांचे. इतिहास एवढ्या पुढे जात नाही.)

परवाना नाही म्हणजे शुल्क नाही, पण संरक्षणही नाही. मोबाइल कंपन्या कोट्यवधी रुपये मोजून लहरी विकत घेतात, म्हणून त्यांच्या पट्ट्यात दुसरा कोणी शिरू शकत नाही. वायफायच्या पट्ट्यात भट्टी, ब्लूटूथ, वायरलेस माउस, शेजारपाजार, सारेच समान हक्काने वावरतात. मोबाइल डेटा सुसाट आणि वायफाय रेंगाळलेले, या विरोधाभासामागचे एक कारण हे आहे.

या मोकळ्या जागेचा पहिला मोठा लाभ उठवू पाहणाऱ्यांत एनसीआर ही गल्ला-यंत्रे बनवणारी कंपनी होती. दुकानातील यंत्रे तारांविना जोडायची होती. तिच्या नेदरलँड्समधील शाखेत काम करणारे व्हिक हेझ १९९० मध्ये नेमलेल्या ‘८०२.११’ समितीचे अध्यक्ष झाले. सात वर्षांच्या वादावादीनंतर, १९९७ मध्ये, पहिले मानक आले. वेग सेकंदाला १ किंवा २ मेगाबिट.

१९९९ मध्ये दोन मानके एकदम निघाली. एक २.४ गिगाहर्ट्झवर ११ मेगाबिट देणारे, दुसरे ५ गिगाहर्ट्झवर ५४ मेगाबिट देणारे. जिंकले ते हळू असलेले. ते स्वस्त होते, त्याच्या लहरी भिंती अधिक सहज ओलांडत, आणि त्याच वर्षी अ‍ॅपलने आपल्या आयबुकमध्ये त्याला स्थान दिले. जगभरच्या घरांचे भवितव्य अशा रीतीने गर्दीच्या पट्ट्याशी बांधले गेले.

यानंतरची गोष्ट नव्या फोनच्या मालकाने विशेष लक्ष देऊन वाचावी. वायफायची प्रत्येक नवी पिढी जुन्या उपकरणांना सांभाळून घेईल, असे ठरले. व्यापाराच्या दृष्टीने हे शहाणपणाचेच होते. एरवी दर चार वर्षांनी ग्राहकाला घरातील सर्व उपकरणे फेकावी लागली असती. पण फोन आणि राउटर यांचे संभाषण दोघांनाही येणाऱ्या भाषेतच होते. राउटर २०१२ चा असेल, तर २०२४ चा फोन २०१२ च्याच भाषेत बोलतो.

त्याहून सूक्ष्म अडचण फ्रान्समधील ग्रेनोबल येथील चार संशोधकांनी २००३ मध्ये दाखवून दिली. वायफाय सर्वांना समान देते ती बोलण्याची संधी, समान वेळ नव्हे. जलद उपकरण आपले पॅकेट क्षणात पाठवून मोकळे होते. दूरच्या खोलीतील मंद उपकरण तेवढ्याच पॅकेटसाठी कैक पट वेळ हवा अडवून धरते. परिणाम विलक्षण होता : एक उपकरण मंद झाले, की सर्वच जलद उपकरणांना मिळणारा वेग त्या मंद उपकरणाच्या वेगाच्याही खाली जाई. स्वीडनमधील कार्लस्टाड विद्यापीठातील संशोधकांनी सहकाऱ्यांसह लिनक्स प्रणालीत यावर तोडगा मांडला, तो थेट २०१७ मध्ये. मधली चौदा वर्षे असंख्य घरांनी हा भुर्दंड नकळत भरला, आणि असा तोडगा नसलेले राउटर अजूनही तो वसूल करतात.

भारतात या साऱ्यावर कायद्याचा आणखी एक थर चढला. १९३३ च्या वायरलेस टेलिग्राफी कायद्यानुसार रेडिओ-उपकरण नुसते बाळगायलाही परवाना लागे. जानेवारी २००५ च्या नियमांनी २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा त्या अटीतून मुक्त केला. या पट्ट्याची रुंदी अवघी ८३.५ मेगाहर्ट्झ. त्यात एकमेकींवर न चढणाऱ्या वाहिन्या तीनच बसतात. आणि पुण्या-मुंबईतील एखाद्या सोसायटीत एका खोलीतून पंधरा-वीस राउटर सहज दिसतात. ५ गिगाहर्ट्झमधील ६०५ मेगाहर्ट्झ परवानामुक्त झाले ते ऑक्टोबर २०१८ मध्ये. मात्र त्या लहरी सिमेंटच्या भिंतींपुढे लवकर हतबल होतात. दोन्ही पट्ट्यांना राउटरने एकच नाव दिलेले असेल, तर आतल्या खोलीत गेलेला फोन पुष्कळदा २.४ वर उतरतो आणि मालकाला त्याचा पत्ताही लागत नाही.

६ गिगाहर्ट्झचा पट्टा या इतिहासापासून मुक्त आहे. तेथे जुन्या पिढ्यांच्या उपकरणांना प्रवेशच नाही. अमेरिकेने एप्रिल २०२० मध्ये १२०० मेगाहर्ट्झ खुले केले आणि पुढच्याच वर्षी तो पट्टा समजणारे फोन बाजारात आले. भारतात विकत घेतलेल्या अशा फोनांतील ती क्षमता मात्र निजलेलीच राहिली, कारण या लहरी लिलावात विकायच्या की सर्वांसाठी मोकळ्या ठेवायच्या, यावर मोबाइल कंपन्या आणि तंत्रज्ञान कंपन्या यांच्यात जुंपली होती. खालचे ५०० मेगाहर्ट्झ कमी शक्तीच्या वापरासाठी खुले करणारे मसुदा नियम केंद्र सरकारने प्रसिद्ध केले ते मे २०२५ मध्ये.

दरम्यान, घरोघरचे राउटर २.४ गिगाहर्ट्झवर सेकंदाला सुमारे दहा वेळा आपल्या अस्तित्वाची दवंडी पिटत आहेत. नवा फोन ती ऐकतो, शेजारच्या पंधरा घरांचीही ऐकतो, आणि प्रत्येक वेळी ती संपेपर्यंत थांबतो. कित्येक राउटरमध्ये ही दवंडी आजही सेकंदाला १ मेगाबिट, म्हणजे १९९७ च्या वेगाने दिली जाते.