न जुळणारे आकडे

माझ्याकडे एकही रिव्हॉल्व्हर नाही, परवानाही नाही, आणि आयुष्यात मी एकदाही गोळी झाडलेली नाही. तरीही गेली वीस वर्षं कोल्ट कंपनीच्या एका जुन्या रिव्हॉल्व्हरविषयी मिळेल ते मी वाचत आलो आहे. त्याचं कारण मात्र एक तलवार आहे.

१९९१ साली वाईजवळच्या एका घरी मी मोडी कागद पाहायला गेलो होतो. घरातल्या आजोबांनी माळ्यावरची तलवार काढून दाखवली. मुठीपाशी, पात्यावरच्या गंजाखाली, सोन्याच्या मुलाम्यातली काही अक्षरं दिसत होती. ती नीट वाचता यावीत म्हणून मी चिंचेचा कोळ आणि विटेची पूड लावून पातं घासलं. पातं आरशासारखं झालं, अक्षरं गेली. आजोबा खूश झाले. आपण काय करून बसलो हे मला कळायला काही वर्षं जावी लागली.

ते कळलं फ्लोरा फाउंटनच्या फुटपाथवर घेतलेल्या एका अमेरिकी लिलावाच्या कॅटलॉगमुळे. त्यात एकाच जातीची दोन रिव्हॉल्व्हरं शेजारीशेजारी छापली होती. एक लखलखीत होतं, दुसरं करडं, ओरखड्यांनी भरलेलं. किंमत करड्याची कितीतरी जास्त होती. लखलखीत रिव्हॉल्व्हर कुणीतरी नंतर घासून नव्याने निळं केलं होतं.

हे रिव्हॉल्व्हर म्हणजे कोल्टचं १८७३ सालचं ‘सिंगल अ‍ॅक्शन आर्मी’. यात चाप फक्त घोडा सोडतो. घोडा दर गोळीला अंगठ्याने मागे ओढावा लागतो. ओढताना चार वेळा ‘टिक’ असा आवाज होतो. ती इंग्रजीतल्या ‘कोल्ट’ची चार अक्षरं आहेत, असं शौकीन कौतुकाने सांगतात. हार्टफर्डच्या कारखान्यात दुसऱ्या महायुद्धापर्यंत अशी साडेतीन लाखांहून अधिक रिव्हॉल्व्हरं तयार झाली. १९५६ मध्ये, टेलिव्हिजनवरच्या काउबॉयांच्या कृपेने, ती पुन्हा बनू लागली. पण जाणत्या संग्राहकाचा जीव पहिल्या मालिकेतच अडकलेला असतो, आणि त्यातही लष्कराने १८९१ पर्यंत घेतलेल्या सुमारे ३७ हजारांत.

प्रत्येक रिव्हॉल्व्हरला क्रमांक असे, आणि तो एकाच जागी नसे. सांगाड्यावर, चापाच्या कडीवर, मुठीच्या पाठीवर तो ठोकलेला असे. लष्करी रिव्हॉल्व्हरवर तो नळीवर आणि गोळ्यांच्या चक्रावरही असे. सगळीकडे एकच आकडा असेल तर वस्तू अस्सल, असं कुणालाही वाटेल. मलाही वाटलं होतं. पण १८९५ नंतर लष्कराने आपली जुनी रिव्हॉल्व्हरं तोफखान्यासाठी परत मागवली आणि साडेसात इंचांची नळी कापून साडेपाच इंचांची केली. पुढच्या मोठ्या तुकड्यांत सगळे भाग सुटे करून, दुरुस्त करून, हाताला येतील तसे परत जोडले गेले. कारकुनाच्या दृष्टीने तो गोंधळ होता, सैनिकाच्या दृष्टीने चालणारं हत्यार. त्यामुळे या जातीत तीन-चार वेगवेगळे आकडे असणं हाच खरेपणाचा पुरावा ठरतो. सगळे आकडे जुळणारं ‘तोफखाना’ रिव्हॉल्व्हर आधी संशयाने पाहावं लागतं. उलट, असंच एखादं रिव्हॉल्व्हर घेऊन त्याला पुन्हा लांब नळी बसवायची, आकडे जुळवायचे आणि ‘घोडदळाचं’ म्हणून दुप्पट-तिप्पट भावाने खपवायचं, हा खोटं करणाऱ्यांचा जुना धंदा. जॉन कोपेक या अभ्यासकाने हयातभर अशी शेकडो रिव्हॉल्व्हरं तपासली. आज त्यांचं पत्र सोबत असलं की सौदा होतो.

सगळ्यात जास्त खोटेपणा ज्यांच्याभोवती आहे ती रिव्हॉल्व्हरं कस्टरच्या सातव्या घोडदळाची. जून १८७६ मध्ये मोंटानातल्या लिटल बिगहॉर्न नदीकाठी लाकोटा, शायेन आणि अरापाहो योद्ध्यांनी कस्टरच्या हाताखालच्या पाच कंपन्या संपवल्या. मेलेल्यांची हत्यारं अर्थात जिंकणाऱ्यांनी नेली. आता संग्राहक त्या काळातले क्रमांक शोधतात, मुठीच्या लाकडावर एन्सवर्थ या तपासनिसाचा शिक्का शोधतात. लष्कराने काय खरेदी केलं याची वही आहे. ती हत्यारं नंतर ज्यांच्या हातात गेली त्यांच्याकडे वही नव्हती. १९८३ साली रणभूमीवरचं गवत जळालं आणि पुढच्या वर्षी डग्लस स्कॉट आणि रिचर्ड फॉक्स यांनी धातुशोधकाने ती जमीन पिंजून काढली, तेव्हा काडतुसांच्या टोप्यांवरच्या घोड्याच्या खुणांवरून एकेक बंदूक मैदानात कुठून कुठे सरकली हे मांडता आलं. लाकोटा-शायेन वृद्धांनी तोंडी सांगितलेल्या बऱ्याच गोष्टींना त्यातून आधार मिळाला. त्या गोष्टी शतकभर फारशा कुणी मनावर घेतल्या नव्हत्या.

कागद काय करतो याचं टोकाचं उदाहरण पॅट गॅरेटचं. त्याने १८८१ मध्ये बिली द किडला ज्या कोल्टने मारलं, तो २०२१ साली लॉस एंजेलिसच्या लिलावात साठ लाख डॉलरांवर गेला. त्या वस्तूत विशेष काही नाही. पण गॅरेटने स्वतः लिहून दिलेलं आहे, आणि त्याच्या पश्चात विधवा अपोलिनारियाने केलेल्या दाव्याचा निकाल आहे. नवऱ्याने ते एल पासोच्या एका दारूगुत्त्याच्या मालकाला उसनं दिलं होतं, बक्षीस नव्हे, असं तिचं म्हणणं होतं. मालक मेल्यावर ती कोर्टात गेली आणि जिंकली. एका म्हातारीच्या हट्टाने रिव्हॉल्व्हरचा इतिहास शाबूत राहिला.

याच्या उलटही घडतं. स्टुअर्ट लेक यांनी १९३१ च्या पुस्तकात लिहिलं की वायट अर्पला एक लांब नळीचं खास ‘बंटलाइन’ कोल्ट भेट मिळालं होतं. कंपनीच्या वह्यांत तशी नोंद सापडली नाही. तरी लोक मागू लागले, आणि १९५७ मध्ये कोल्टने ‘बंटलाइन’ बनवून विकायला सुरुवात केली. आता तीच जुनी झाली आहेत आणि त्यांचेही संग्राहक आहेत.

मागच्या वर्षी वाईच्या त्या घरातल्या नातवाचा फोन आला. आजोबा कधीच गेले. घराण्याची छोटी पुस्तिका काढतो आहे म्हणाला. “काका, तलवारीवर काय लिहिलं होतं? आजोबा सांगायचे, तुम्ही वाचलं होतं.” मी वाचलं नव्हतं. घासण्याआधी मुठीपाशी एक ‘श्री’ आणि त्यानंतर एक काना दिसला होता, तेवढं त्याला सांगितलं आणि तसंच, माझ्या चुकीसकट छापायला सांगितलं. पुस्तिका अजून आलेली नाही.