एक कागद, दोन किल्ले

गेल्या शुक्रवारी माबेलाहून पाहुण्यांना घेऊन जुन्या मस्कतला गेलो. जलाली आणि मिरानी हे किल्ले पोर्तुगीजांनी बांधले, असे सांगताच लेक म्हणाली, "बाबा, आपल्या गोव्यातलेच का हे?" तेच! आल्बुकर्कने १५०७ साली मस्कत जाळले आणि १५१० साली गोवे घेतले. इमाम सुलतान बिन सैफ यांनी १६५० मध्ये त्यांना मस्कतमधून घालवले. मागे किल्ले राहिले. गोव्यात दगडांबरोबर एक कागदही राहिला.

तो कागद म्हणजे १६ सप्टेंबर १५२६ ची सनद, पोर्तुगीज भाषेत 'फोराल'. राजा तिसरा जुआंव याच्या अमलात आफोंसो मेशिया या महसूल अधिकाऱ्याने तिसवाडीच्या गांवकारांचे रीतिरिवाज ४९ कलमांत लिहून काढले. ज्यांच्या पूर्वजांनी ओसाड जमीन लागवडीस आणली ते गांवकार, जमीन गावाची सामाईक, सारा गावाने मिळून भरायचा, हिशेब कुळकर्ण्याने लिहायचा. इंग्लंडात १२१५ साली सरदारांनी राजाकडून मॅग्ना कार्टा लिहून घेतला. इथे राजाच्या माणसाने लोकांचा चालत आलेला रिवाज लिहिला, तोही सारा बुडू नये म्हणून! माझ्या मते हा स्वार्थच गांवकारांच्या पथ्यावर पडला. पुढे हिंदू गांवकारांना पुष्कळ सोसावे लागले, पण गांवकारी मोडली नाही. १५ एप्रिल १९६१ ची कोमुनिदाद संहिता याच परंपरेतली, आणि गोवा मुक्त झाल्यावरही ती दुरुस्त्यांसह चालू राहिली.

तिसवाडीतल्या आमच्या गावी वडिलांना 'झोण' मिळे, म्हणजे गावाच्या उत्पन्नातला गांवकाराचा वाटा. रक्कम ऐकून आई हसायची. वडील मात्र ती आणायला इस्त्रीचा सदरा घालून जात. माझेही नाव त्या वहीत आहे. इतकी वर्षे आखातात काढली तरी ते तिथेच आहे.

हे मी गाडीत मोठ्या अभिमानाने सांगत होतो. लेकीने विचारले, "आणि माझे?"

काय सांगणार? मुलींना वारसा नाही, हेही त्याच सनदेत लिहिलेले आहे. गोव्याच्या नागरी कायद्याने आमच्या घरात तिचा वाटा मुलाइतकाच. पण झोण पिढ्यान्‌पिढ्या पुरुष वंशजांकडेच जात आले. रिवाज लिहिला गेला म्हणून आमचा हक्क टिकला, आणि लिहिला गेला म्हणूनच तिचा अडला. सीब येईपर्यंत ती गप्प होती. मग म्हणाली, चवथीला गावी गेलो की ती वही मला बघायची आहे.