रस्त्याची खबर फोनवर : जबलपूर–नागपूर मार्गाच्या निमित्ताने

प्रास्ताविक

समजा, ऐन पावसाळ्यात तुम्ही जबलपूरहून नागपूरला निघणार आहात. रस्ता साधारण २७० किलोमीटरचा. लखनादौन, सिवनी, कुरईचा घाट, खवासा, मनसर आणि मग नागपूर. निघण्यापूर्वी तुम्हाला एकाच प्रश्नाचे उत्तर हवे आहे : पुढे रस्ता चालू आहे का?

प्रश्न साधा आहे. त्याचे उत्तर फोनवर मिळेल अशी व्यवस्था उभी करणे मात्र साधे नाही. ती जगात आणि आपल्याकडे कशी उभी राहिली, हे या टिपणात पाहू. एक सूत्र सुरुवातीलाच लक्षात ठेवा : लोकांच्या तोंडी बसेल असा क्रमांक मिळवणे हे यातले सोपे काम आहे. त्या क्रमांकामागची माहिती रोज ताजी ठेवणे आणि ती कोणी ठेवायची हे ठरवणे, हे अवघड काम आहे.

१. फोनच्या आधीचा रस्ता

मिर्झापूरहून जबलपूरमार्गे नागपूरकडे जाणारा रस्ता एकोणिसाव्या शतकात 'ग्रेट डेक्कन रोड' म्हणून ओळखला जाई. याच शतकात, १८३० च्या दशकात, विल्यम स्लीमन याची ठगीविरोधी कचेरी जबलपुरात होती. 'ठगी' या कल्पनेबद्दल इतिहासकारांत आजही वाद आहे. तो आपला विषय नाही. आपल्या दृष्टीने महत्त्वाचे हे, की ठिकठिकाणांहून आलेल्या जबान्या या कचेरीत एकत्र केल्या जात आणि त्यांवरून वंशावळी व नकाशे तयार होत. रस्त्यावरची विखुरलेली माहिती एका जागी जमवण्याचे हे एक जुने उदाहरण आहे. पण ती माहिती सरकारसाठी होती. वाटसरूला ती विचारता येत नव्हती.

१८७० मध्ये जबलपूर येथे दोन रेल्वे कंपन्यांचे मार्ग जोडले गेले आणि मुंबई–कलकत्ता असा अखंड लोहमार्ग तयार झाला. इथे एक फरक नीट समजून घ्या. रेल्वेचा रूळ, गाडी, स्टेशन आणि तारयंत्र हे सगळे एकाच व्यवस्थेच्या हातात असते. कोणती गाडी कुठे आहे हे तिला स्वतःच्या कामासाठीच माहीत असावे लागते. प्रवाशाला सांगणे ही पुढची पायरी. म्हणून २००७ मध्ये रेल्वेने १३९ हा चौकशी क्रमांक सुरू केला, तेव्हा सांगण्याजोगी माहिती आधीपासून हाताशी होती. रस्त्याचे तसे नाही. रस्ता एकाचा, वाहने हजारोंची, आणि कोण कुठे अडकले आहे याची नोंद कोणाकडेच नाही.

२. टेलिफोनचा मार्ग

जबलपूरचे नाव दूरसंचाराच्या इतिहासातही येते. १९४२ मध्ये सुरू झालेले येथील प्रशिक्षण केंद्र आज भारतरत्न भीमराव आंबेडकर दूरसंचार प्रशिक्षण संस्था म्हणून ओळखले जाते.

फोनवरून एकच माहिती असंख्य लोकांना सांगण्याची कल्पना जुनी आहे. पॅरिसमध्ये १९३३ साली फोनवर वेळ सांगणारे घड्याळ सुरू झाले, लंडनमध्ये १९३६ साली. पण वेळ सर्वांसाठी सारखीच असते. रस्त्याची खबर प्रत्येक टप्प्याला वेगळी असते आणि तासाभरात शिळी होते.

आपल्याकडे कानपूर–लखनौ ही पहिली एसटीडी सेवा १९६० मध्ये आली आणि मोबाइलवरचा पहिला कॉल ३१ जुलै १९९५ रोजी झाला. मोबाइल येईपर्यंत 'रस्त्यावरून फोन' याचा अर्थ ढाब्यावरचा किंवा पीसीओतला फोन एवढाच होता. पुढे चौपदरी महामार्गांवर ठरावीक अंतरावर आपत्कालीन फोनपेट्या बसू लागल्या. त्या मदत मागण्यासाठी होत्या, चौकशीसाठी नव्हत्या.

३. अमेरिकेतील ५११

क्रमांक आणि माहिती यांतला फरक ५११ च्या इतिहासात स्पष्ट दिसतो. १९९० च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेत प्रवासमाहितीचे तीनशेहून अधिक फोन क्रमांक होते. एका राज्यातून दुसऱ्यात गेले, की क्रमांक बदले. म्हणून तिथल्या केंद्रीय परिवहन विभागाने मार्च १९९९ मध्ये एकाच तीन आकडी क्रमांकाची मागणी केली. २१ जुलै २००० रोजी दळणवळण आयोगाने ५११ हा क्रमांक त्यासाठी राखून ठेवला. सिनसिनाटी परिसरात २११ वर वाहतूक-माहिती आधीच मिळत होती. तीच सेवा जून २००१ मध्ये ५११ वर आली आणि देशातली पहिली ५११ सेवा ठरली. म्हणजे पहिला मान अशा ठिकाणाला मिळाला, जिथे माहिती जमवणारी यंत्रणा आधीच चालू होती.

क्रमांक देताना आयोगाने पैसे दिले नाहीत आणि सेवा सुरू करण्याची सक्तीही केली नाही. ते राज्यांवर सोपवले. माहिती किती ताजी असावी, याचा केंद्रीय नियम नोव्हेंबर २०१० मध्ये आला. बांधकामामुळे रस्ता बंद झाल्यास महानगरांत १० मिनिटांत आणि इतरत्र २० मिनिटांत ती माहिती उपलब्ध व्हावी, ती किमान ८५ टक्के अचूक असावी, असे त्यात ठरले. क्रमांक २००० मध्ये, ताजेपणाची अट २०१० मध्ये. मधल्या दहा वर्षांवर विचार करा.

४. आपला १०३३

७ मार्च २०१८ रोजी राष्ट्रीय महामार्गांसाठी १०३३ हा निःशुल्क क्रमांक आणि 'सुखद यात्रा' हे ॲप सुरू झाले. अपघात झाला, गाडी बंद पडली, रस्त्याबद्दल तक्रार असली, तर १०३३ लावायचा. रुग्णवाहिका आणि टोचन करणाऱ्या गाड्यांशी तो जोडलेला आहे.

५११ आणि १०३३ यांच्या दिशा वेगळ्या आहेत, हे ध्यानात घ्या. ५११ वर खबर प्रामुख्याने यंत्रणेकडून प्रवाशाकडे जाते. १०३३ वर ती प्रामुख्याने प्रवाशाकडून यंत्रणेकडे येते. आपल्याकडे मदतीची व्यवस्था आधी आली आणि ते योग्यच होते. पण कुरईच्या घाटात ट्रक उलटल्याचा फोन दहा जणांनी केला, तर तीच खबर लखनादौनला चहा पीत थांबलेल्या अकराव्या चालकापर्यंत पोचली पाहिजे. माहिती सेवेची परीक्षा तिथे होते.

५. किती फोन एकाच वेळी?

आता थोडे गणित. कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीतील ए. के. एर्लांग यांनी १९१७ मध्ये मांडलेले सूत्र इथे उपयोगी पडते. मानू, की ताशी १२० कॉल येतात आणि प्रत्येक तीन मिनिटे चालतो. भार झाला १२० × ३ ÷ ६० = ६ एर्लांग. म्हणून सहा लाइनी पुरतील असे वाटते. सूत्र सांगते, की सहा लाइनींवर सुमारे २६ टक्के लोकांना 'लाइन व्यस्त आहे' हेच ऐकू येईल. हे प्रमाण एक टक्क्यापर्यंत आणायला तेरा लाइनी लागतात.

आणि हा झाला नेहमीचा दिवस. पूल पाण्याखाली गेला की कॉल पाचपट होतात, भार ३० एर्लांगवर जातो. सेवेची गरज सर्वांत जास्त असते तेव्हाच ती कोलमडते. यावरचा उपाय म्हणजे ध्वनिमुद्रित उत्तर : टप्पा निवडा, एका मिनिटात खबर ऐका. कॉल एक मिनिटाचा झाला, की भार लगेच एक तृतीयांशावर येतो. मात्र ध्वनिमुद्रण सकाळचे आणि पूर दुपारचा असेल, तर ही सेवा नसलेलीच बरी. चालक तिच्यावर विसंबून निघतो आणि अडकतो.

६. 'मी कुठे आहे' आणि 'रस्ता कोणाचा'

२०१० मध्ये राष्ट्रीय महामार्गांचे क्रमांक बदलले. जबलपूर–नागपूर हा पूर्वी एकाच 'सात नंबर'चा भाग होता. आता लखनादौनपर्यंत ३४ आणि पुढे ४४. फोन करणाऱ्याने जुना क्रमांक सांगितला तरी नोंद घेणाऱ्याला टप्पा कळला पाहिजे. किलोमीटरचा दगड, गावाचे नाव, टोलनाका या खुणा यंत्रणेच्या यादीत हव्यात. भाषेचेही तसेच. खवाशाला राज्य बदलते, हिंदीची मराठी होते. अडकलेली रांग मात्र एकच असते.

त्याहून मोठी अडचण मालकीची. महामार्गावरून एखाद्या तहसिलीच्या गावाकडे वळलात, की रस्ता राज्याच्या बांधकाम खात्याचा, रस्ते विकास महामंडळाचा किंवा ग्राम सडक योजनेचा असू शकतो. प्रवाशाला हे ठाऊक नसते, आणि ठाऊक असण्याची गरजही नाही. फोन एकच असावा. कोणत्या रस्त्याची खबर कोणी किती मिनिटांत द्यायची, हे खात्यांनी आपसात लेखी ठरवावे.

शेवटी चालकाचा हात. २०१९ च्या मोटार वाहन कायद्यातील दुरुस्तीनुसार गाडी चालवताना हातात फोन धरणे हे धोकादायक वाहन चालवणे ठरते. म्हणून ही सेवा निघण्यापूर्वीच्या किंवा थांबलेल्या माणसासाठी आखावी लागते.

७. समारोप

ॲप आल्यावर फोनसेवेची गरज काय, असे तुम्ही विचाराल. साधा फोन वापरणारा, वाचता न येणारा, इंटरनेट नसलेल्या पट्ट्यात उभा असलेला माणूस आजही बोलूनच विचारतो. शिवाय ॲप असो की फोन, मागची माहिती तीच लागते. नवी सेवा जाहीर झाली, की तिचा क्रमांक पाहून थांबू नका. खबर कोण देतो, किती मिनिटांत देतो आणि ती चुकली तर उत्तरदायी कोण, हे तीन प्रश्न विचारा.

स्वाध्याय

१. ताशी २०० कॉल, प्रत्येकी दीड मिनिट. भार किती एर्लांग? दहा लाइनींवर किती टक्के कॉल नाकारले जातील?
२. तुमच्या गावापासून जिल्ह्याच्या ठिकाणापर्यंतचा रस्ता किती यंत्रणांच्या ताब्यात आहे? टप्प्यांची यादी करा.
३. रेल्वेची चौकशी सेवा आणि रस्त्याची माहिती सेवा यांतील फरक मालकीच्या अंगाने दहा ओळींत लिहा.