नो-कोडची घराणी

डिसेंबर १९९०. जिनिव्हाजवळच्या सर्न प्रयोगशाळेत टिम बर्नर्स-ली यांच्या नेक्स्ट संगणकावर ‘वर्ल्डवाइडवेब’ नावाचा प्रोग्रॅम चालू झाला. जगातला हा पहिला ब्राउझर, हे बहुतेकांना ठाऊक असते. तो संपादकही होता, हे मात्र फारसे सांगितले जात नाही. पान उघडायचे, त्यातच कर्सर ठेवून लिहायचे, मेन्यूतून मथळ्याची शैली द्यायची. दुवा जोडायचा असेल तर ज्या पानाकडे जायचे ते उघडून ‘मार्क ऑल’ निवडायचे, मग आपल्या पानावरच्या शब्दावर येऊन ‘लिंक टू मार्क्ड’. दुवा तयार. एचटीएमएलचा एकही टॅग हाताने लिहावा लागत नव्हता, की पत्ता टाइप करावा लागत नव्हता. २०१९ मध्ये वेबच्या तिशीनिमित्त सर्नने हा प्रोग्रॅम आजच्या ब्राउझरात चालेल असा पुन्हा बांधून घेतला, त्यामुळे हे सगळे आजही करून पाहता येते.

म्हणजे वेब जन्मले तेच विना-कोड. कोड लिहिण्याची सक्ती मागाहून आली, आणि ती आली परिस्थितीमुळे. नेक्स्ट संगणक महागडा, मोजक्यांकडेच असलेला. बाकीच्या संगणकांवर वेब पोहोचावे म्हणून निकोला पेलो यांनी साधा, ओळीओळीने मजकूर दाखवणारा ब्राउझर लिहिला. तो फक्त वाचण्यापुरता होता. १९९३ मध्ये मार्क अँड्रीसन आणि एरिक बिना यांचा मोझेक आला, त्याने चित्रे आणि मजकूर एकाच पानात दाखवून वेब घराघरात नेले, पण लिहिण्याची सोय त्यातही नव्हती. वाचणारा आणि लिहिणारा यांची फारकत झाली ती इथे. ज्याला पान करायचे होते तो नोटपॅड उघडून टॅग लिहू लागला, दुसऱ्याच्या पानाचा ‘व्ह्यू सोर्स’ पाहून शिकू लागला. त्यानंतरची सगळी विना-कोड अवजारे ही हरवलेली सोय परत मिळवण्याच्या धडपडीतून जन्मली आहेत.

आज विक्स, स्क्वेअरस्पेस, वेबफ्लो, फ्रेमर आणि वर्डप्रेस यांतून निवड करताना वेब डिझायनर मासिक दर, टेम्प्लेटांची संख्या आणि प्लगइन यांचे तक्ते मांडतात. ते उपयोगी असतात, पण त्यांतले आकडे वर्षागणिक बदलतात. या अवजारांचे घराणे बदलत नाही, आणि त्यांच्या खुब्या व खोडी तिथूनच आल्या आहेत.

पहिले घराणे कागदाचे. जे पडद्यावर दिसते तेच छापून निघेल, ही कल्पना १९७४ मध्ये झेरॉक्सच्या पालो आल्टो संशोधन केंद्रात बटलर लॅम्पसन आणि चार्ल्स सिमोनी यांच्या ‘ब्राव्हो’ संपादकात प्रत्यक्षात उतरली. १९८५ मध्ये ऑल्डस कंपनीचा पेजमेकर आला आणि छपाईचा धंदाच पालटला. महाराष्ट्रात ज्याने लग्नपत्रिका, दिवाळी अंक किंवा साप्ताहिकाचे पान डीटीपीवर लावले, त्याच्या बोटांत पेजमेकर आणि श्रीलिपी बसलेले होते. चौकट ओढायची, मजकूर ओतायचा, चित्र हवे तिथे सरकवायचे. ही सवय घेऊनच जगभरचे मांडणीकार वेबकडे आले आणि त्यांच्यासाठी अवजारेही त्याच साच्यात तयार झाली: १९९५ मध्ये पेजमिल आणि फ्रंटपेज, १९९६ मध्ये नेटऑब्जेक्ट्स फ्यूजन, १९९७ च्या अखेरीस ड्रीमवीव्हर. फ्रंटपेज बनवणाऱ्या व्हर्मीर टेक्नॉलॉजीज या छोट्या कंपनीला मायक्रोसॉफ्टने जानेवारी १९९६ मध्ये सुमारे १३ कोटी डॉलरना विकत घेतले, यावरून त्या सोयीची भूक किती होती ते कळते.

अडचण अशी की वेबचे पान म्हणजे कागद नव्हे. त्याला ठरलेली रुंदी नाही, वाचणाऱ्याच्या पडद्यावर कोणता फॉन्ट असेल याची खात्री नाही. सीएसएसचा प्रस्ताव होकून विउम ली यांनी ऑक्टोबर १९९४ मध्ये मांडला आणि डिसेंबर १९९६ मध्ये त्याला मान्यताही मिळाली, पण ब्राउझरांना तो नीट पाळायला बरीच वर्षे लागली. मधल्या काळात मांडणी उभी राहिली ती तक्त्यांवर. आकडे भरण्यासाठी असलेल्या टेबलमध्ये टेबल, त्यात आणखी एक टेबल. दोन रकान्यांत १० पिक्सेलची फट हवी असेल तर एक बाय एक पिक्सेलचे पारदर्शक जीआयएफ चित्र ठेवायचे आणि त्याची रुंदी १० लिहायची. डोळ्यांना रिकामी जागा दिसे. आत न दिसणारे चित्र उभे असे. डेव्हिड सीगल यांच्या १९९६ च्या पुस्तकाने ही युक्ती घरोघरी पोहोचवली. कागदी घराण्याची अवजारे हे जंजाळ आपोआप तयार करत आणि डिझायनरपासून लपवून ठेवत. फ्रंटपेज तर हाताने लिहिलेला कोड स्वतःच्या पद्धतीने बदलून टाकी, आणि त्याचे फॉर्म व काउंटर चालायला सर्व्हरवर मायक्रोसॉफ्टची खास जोडणी लागे. ड्रीमवीव्हरने ‘राउंडट्रिप एचटीएमएल’ आणून निदान लिहिलेल्या कोडला हात न लावण्याचे वचन दिले, म्हणून व्यावसायिक डिझायनर तिकडे वळले.

हे घराणे पुढेही अधूनमधून डोके वर काढत राहिले. ॲपलचा आयवेब २००६ मध्ये आला आणि २०१२ मध्ये मोबाइलमी सेवा बंद झाली तेव्हा तिच्यावरचे त्याचे प्रकाशनही संपले. इनडिझाइनच्या कलाकारांना कोडाविना वेबसाइट करता यावी म्हणून ॲडोबीने म्यूज आणले. २०१८ मध्ये त्याचा विकास थांबवला.

दुसरे घराणे भाडेकरूंचे. १९९४ मध्ये डेव्हिड बोनेट आणि जॉन रेझनर यांनी सुरू केलेल्या जिओसिटीजने लोकांना फुकट जागा दिली, आणि तीही मोहल्ल्यांत: सिनेमाची पाने ‘हॉलिवूड’मध्ये, पैशाची ‘वॉलस्ट्रीट’वर. त्याच सुमारास अमेरिकेतच अधिक खोलवर परिणाम करणारे एक काम झाले. १९९५ मध्ये पॉल ग्रॅहम आणि रॉबर्ट मॉरिस ऑनलाइन दुकाने बांधणारा प्रोग्रॅम लिहीत होते. विंडोजसाठी लिहिणे त्यांना नको होते. मग ग्रॅहम यांना सुचले की प्रोग्रॅम सर्व्हरवरच चालू द्यावा आणि दुकानदाराने ब्राउझरातल्या दुव्यांवर क्लिक करत तो हाकावा. हेच व्हायावेब. काहीही इन्स्टॉल करायचे नाही, फाइली चढवायच्या नाहीत. बदल केला की तो सर्व्हरवरच. १९९८ मध्ये याहूने ते सुमारे ४.९ कोटी डॉलरच्या समभागांना घेतले. आजचा प्रत्येक ऑनलाइन बिल्डर या कल्पनेवर उभा आहे, तरी व्हायावेबचे नाव या क्षेत्राच्या गोष्टीत अभावानेच निघते.

भाड्याच्या जागेचा धोकाही लवकरच कळला. याहूने १९९९ मध्ये जिओसिटीज साडेतीन अब्जांहून जास्त डॉलर मोजून घेतले आणि ऑक्टोबर २००९ मध्ये अमेरिकेतली सेवा बंद केली. लाखो पाने गेली असती. जेसन स्कॉट यांच्या आर्काइव्ह टीमच्या स्वयंसेवकांनी धावपळ करून त्यातली बरीच उतरवून घेतली, म्हणून सामान्य माणसांच्या पहिल्या वेबसाइटी आज अभ्यासता तरी येतात.

स्क्वेअरस्पेस या दुसऱ्या घराण्यातला. मेरीलँड विद्यापीठाच्या वसतिगृहात अँथनी कॅसालेना यांनी २००३ मध्ये तो स्वतःसाठी लिहायला घेतला. त्याचा स्वभाव पहिल्यापासून शिस्तीचा: सुंदर साचा आमचा, मजकूर तुमचा. २०२२ मध्ये आलेल्या ‘फ्लुइड इंजिन’ने ही शिस्त थोडी सैल केली. आता डेस्कटॉपवर २४ आणि मोबाइलवर ८ रकान्यांच्या जाळीवर घटक हवे तसे ठेवता येतात. मात्र स्वातंत्र्याबरोबर कामही वाढले, कारण मोबाइलची मांडणी वेगळी तपासावी लागते.

विक्सची गोष्ट वेगळी. २००६ मध्ये तेल अवीवमध्ये अविशाय व नदाव अब्राहमी आणि गिओरा कापलान यांनी तो सुरू केला तेव्हा आधार होता फ्लॅशचा. फ्लॅशच्या रंगमंचावर वस्तू कुठेही ठेवा, ती तिथेच राहते. कागदाचे स्वातंत्र्य आणि वर हालचाल. पण आयफोनवर फ्लॅश चालत नव्हते आणि एप्रिल २०१० मध्ये स्टीव्ह जॉब्ज यांनी जाहीर पत्र लिहून ते कधीच चालणार नाही हे स्पष्ट केले. विक्सने २०१२ मध्ये एचटीएमएल-५ वर चालणारा नवा संपादक आणला. तंत्र बदलले, स्वभाव राहिला. घटक जिथे सोडला तिथे पिक्सेलने खिळलेला, आणि मोबाइलसाठी वेगळी मांडणी. एखाद्या दवाखान्याच्या पाच पानांच्या साइटला हे पुरते. पण मजकूर दुप्पट झाला किंवा भाषा बदलली की खिळलेल्या चौकटी आपोआप वाट देत नाहीत. व्यावसायिकांसाठी विक्सला २०२० मध्ये एडिटर एक्स आणि २०२३ मध्ये विक्स स्टुडिओ ही निराळी अवजारे काढावी लागली, ती याच कारणाने.

२५ मे २०१० रोजी ईथन मार्कोट यांचा ‘रिस्पॉन्सिव्ह वेब डिझाइन’ हा लेख प्रसिद्ध झाला. लवचीक जाळी, लवचीक चित्रे, मीडिया क्वेरी या तिन्हींच्या आधारे एकच पान फोनपासून मोठ्या पडद्यापर्यंत स्वतःला जुळवून घेऊ शकते, हे त्यात दाखवले होते. कागदाची कल्पना इथे खऱ्या अर्थाने मोडली, आणि तिसऱ्या घराण्याला जागा झाली.

त्या घराण्याचा मूळपुरुष वेबफ्लो. व्लाद आणि सर्गेई मॅग्डॅलिन हे भाऊ आणि ब्रायंट चाऊ यांनी तो २०१३ मध्ये लोकांसमोर आणला. केलेला बदल त्याच क्षणी डोळ्यांना दिसला पाहिजे, असे सांगणाऱ्या ब्रेट व्हिक्टर यांच्या २०१२ मधल्या भाषणाने व्लाद यांना पुन्हा उभारी दिली होती. वेबफ्लोत चौकट निवडली की उजवीकडे एकात एक बसलेल्या आयतांची आकृती दिसते. बाहेरचा आयत म्हणजे मार्जिन, आतला पॅडिंग. आकडा धरून ओढला की पान हलते. हे सीएसएसचे बॉक्स मॉडेलच आहे, लपवलेले नाही, हाताळायला दिलेले आहे. शैलीला क्लासचे नाव द्यावे लागते. डेस्कटॉपवर ठरवलेली शैली ९९१ पिक्सेलपासून खाली टॅबलेटवर आणि पुढे मोबाइलवर वारशाने उतरते. जिथे नको तिथे बदलायची. नवशिक्याला पहिले आठ दिवस हे जड जाते. पण तो शिकतो ते वेबचेच नियम, आणि अवजार बदलले तरी ते ज्ञान त्याच्याकडे राहते. माध्यमाचे नियम लपवण्यापेक्षा ते डोळ्यांना दिसतील असे करण्यातच डिझायनरचा मान आहे, आणि या बाबतीत वेबफ्लोचे पारडे जड आहे.

फ्रेमर ॲमस्टरडॅमचा. कोएन बॉक आणि योर्न व्हॅन डाइक यांनी तो आधी ॲपचे नमुने करण्यासाठी बनवला. वेबसाइट प्रसिद्ध करण्यावर २०२२ मध्ये भर दिला. डेस्कटॉप, टॅबलेट आणि फोन या तिन्ही चौकटी त्यात शेजारीशेजारी दिसतात, त्यामुळे फिग्मात वाढलेल्या डिझायनरला घरी आल्यासारखे वाटते. हालचालींनी भरलेले एक-दोन पानांचे काम त्यात झपाट्याने होते.

वर्डप्रेस २००३ पासूनचा, मॅट मुलेनवेग आणि माइक लिटल यांचा, मुक्त परवान्याचा. ब्लॉक संपादक त्यात डिसेंबर २०१८ मध्ये आला. प्रत्येक ब्लॉकची खूण एचटीएमएलच्या टिप्पणीच्या रूपात मजकुरातच ठेवलेली असते, म्हणून संपादक नसला तरी मजकूर वाचता येतो. एलिमेंटरसारखे पेज बिल्डर मांडणी वेगळ्या डेटात ठेवतात. ते काढले की मांडणी जाते. या विश्वात मराठी मुलखाचा वाटा मोठा आहे. पुण्याच्या ब्रेनस्टॉर्म फोर्सची ॲस्ट्रा थीम जगभरात दहा लाखांहून अधिक साइटींवर चालते.

सामान हलवायची वेळ आली की घराण्यांतला फरक उघडा पडतो. वर्डप्रेसची साइट डेटाबेससकट दुसऱ्या होस्टवर नेता येते. वेबफ्लो सशुल्क योजनेत एचटीएमएल-सीएसएस उतरवू देतो, सीएमएसमधला मजकूर वेगळ्या सीएसव्ही फाइलीत. स्क्वेअरस्पेस काही भाग वर्डप्रेसच्या नमुन्यात देतो. विक्स आणि फ्रेमर साइटचा कोड बाहेर नेऊ देत नाहीत. ग्राहकाला हे कराराच्या दिवशी सांगणे डिझायनरचे कर्तव्य आहे.

मराठी साइटसाठी आणखी एक तपासणी लागते, आणि ती कुठल्याच तक्त्यात नसते. बहुतेक टेम्प्लेटे रोमन लिपी डोळ्यांसमोर ठेवून केलेली. मथळ्यात अक्षरांमध्ये अंतर सोडलेले असते. देवनागरीत त्याने शिरोरेषा तुकड्यातुकड्यांत तुटते. ओळींमधले अंतर १.१ इतके कमी असले तर ‘कीर्ती’चा रेफ आणि वरच्या ओळीतल्या ‘वृद्धी’चा ऋकार एकमेकांवर चढतात. मुंबईच्या एक टाइपचा ‘मुक्त’ गूगल फॉन्ट्सवर खुला आहे. तो लावून, अंतर शून्यावर आणि ओळींचे अंतर दीडच्या आसपास नेऊन दोन ओळींचा मथळा फोनवर पाहिला, तर अवजार किती बदलू देते आणि टेम्प्लेट किती अडून बसते हे पाच मिनिटांत कळते.