धांड्याची गाडी आणि हलव्याचा मुकुट

स्मरणिकेसाठी इतिहासावर काहीतरी लिहा, असं चेअरमन साहेबांनी सांगितलं. प्लॉट, एन.ए., पाण्याची टाकी, रस्ता हा सगळा इतिहास सेक्रेटरी भाऊंच्या लेखात आलाच आहे. 1999 साली देवळा स्वतंत्र तालुका झाला, कार्यालयं आली, नोकरदार आले आणि मळ्याच्या जागी कॉलन्या उभ्या राहिल्या, हे आपण सगळ्यांनी डोळ्यांनी पाहिलं. मी मास्तर माणूस. चौतीस वर्षं पोरांतच गेली. म्हणून मी पोरांचा इतिहास लिहितो. आपल्या कसमादे भागात थंडीच्या सुट्टीत पोरं काय करायची, आणि घरी केलेलं असं काय त्यांच्या हातात पडायचं, एवढाच विषय.

आधी सुट्टीचंच बघू. हिवाळ्याची सुट्टी असं आपल्याकडे काही नव्हतंच. दिवाळीची मोठी सुट्टी, मग नाताळचा एक दिवस, मग संक्रांत. आणि दिवाळीची सुट्टी म्हणजे घराला फुकटचे हात. बाजरी खुडायची, मका सोलायचा, पोळ कांदा काढायचा. डिसेंबर-जानेवारीत उन्हाळ कांद्याची लागवड सुरू झाली की शाळा चालू असली तरी वर्ग अर्धे रिकामे. आमचे गुरुजी हजेरी घेताना नाव पुकारायचे आणि मागून कोणीतरी ओरडायचं, "लागवडले गया गुरुजी!" गुरुजीही काही म्हणत नसत, कारण त्यांच्याही घरी लागवड असायची. तेव्हा आमचं बालपण म्हणजे नुसते खेळच खेळ होते, असं कोणी भाषणात सांगितलं तर विश्वास ठेवू नका. वाफ्यात उकिडवं बसून बसून जो वेळ उरायचा, त्यात खेळ.

खेळणी त्या वेळी शेतात जे पडलेलं असेल त्याची. दिवाळीच्या सुमाराला ज्वारीचा नवा कडबा यायचा. ज्वारीच्या ताटाला आपल्याकडे धांडा म्हणतात. धांड्याची साल सोलली की आत पांढरं, हलकं भेंड निघतं. भेंडाचे तुकडे आणि सालीच्या चोया, एवढ्या दोन वस्तूंत सगळी बैलगाडी. चोई भेंडात खुपसली की पक्की बसते, खिळा नको, डिंक नको, दोरा नको. चाकं भेंडाची, आस चोईचा, जू चोईचं, बैलसुद्धा भेंडाचे. राहिलेल्या तुकड्यांचा चष्मा. साल मात्र ब्लेडसारखी, बोट कापल्याशिवाय गाडी कधी झाली नाही. गाडी चार दिवस टिकायची आणि शेवटी खऱ्या बैलाच्या तोंडात जायची. पुढे शाळेत अरविंद गुप्तांची खेळणी आली. हे आयआयटी कानपूरला शिकलेले गृहस्थ. 1978 च्या सुमारास होशंगाबादच्या विज्ञान शिक्षणाच्या कामात गेले आणि आगकाड्या व सायकलच्या व्हॉल्व्हची रबरी नळी यांतून त्यांनी भूमितीचे आकार उभे केले. पुढे पुण्यात आयुकाच्या बालविज्ञान केंद्रात त्यांनी वर्षानुवर्षं काम केलं, 2018 ला पद्मश्री मिळाली. त्यांच्या नळीत काडी खोचताना मला दर वेळी धांड्याची चोई आठवायची.

मुली काय करायच्या? चिंध्यांची बाहुली. जुन्या लुगड्याचा काठ तिचं पातळ, काजळाचे डोळे. आणि खरं तर बाहुलीपेक्षा त्या गोधडीच जास्त शिवायच्या, कारण थंडीत घरातल्या लहान पोराला अंगावर घ्यायला काही लागायचं. चिंध्यांचा चेंडू पोरांचा, पण शिवायचा बहिणीने.

विकतची वस्तू मिळायची ती यात्रेत. डिसेंबरात सटाण्याला देवमामलेदार यशवंतराव महाराजांची यात्रा भरते. 1870-71 च्या दुष्काळात सरकारी खजिना लोकांसाठी उघडणारा हा मामलेदार, म्हणून लोकांनी त्याला देव केलं. त्या यात्रेतली पिपाणी, भिंगरी आणि रेवड्या एवढी वर्षाची खरेदी. येवल्याकडचे पाहुणे असले तर संक्रांतीला पतंग आणि त्यांच्याकडची ती लाकडी आसारी. मांजा तेव्हा घरी सुताचा करायचे. आता नायलॉनच्या मांजावर 2017 पासून बंदी आहे आणि तरीही दर जानेवारीत आपल्या गच्चीवरच्या तारेत तो अडकलेला सापडतो, हे इथे नोंदवून ठेवतो.

आता हलव्याकडे येतो, कारण थंडीत घरी करून मुलांना देण्याची आपल्याकडची सगळ्यात कष्टाची वस्तू तीच. संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत लहान मुलाचं बोरन्हाण करतात. डोक्यावरून बोरं, उसाची कांडकी, हरभऱ्याचे घाटे, भुईमुगाच्या शेंगा, चुरमुरे ओततात, आणि गल्लीतली पोरं लुटतात. त्या बाळाच्या अंगावर हलव्याचे दागिने. बाजारातला हलवा आज पाकिटात मिळतो, पण घरी करायचा म्हणजे असा: साखरेचा एकतारी पाक, दूध टाकून त्याची मळी काढलेली. परातीत तीळ, खसखस किंवा साबुदाणा, खाली मंद निखारा. चमचाभर पाक सोडायचा आणि तो सुकेपर्यंत बोटांच्या टोकांनी हलवत राहायचं. मग दुसरा चमचा. असं तीन-चार दिवस. हवा थंड आणि कोरडी असली तरच काटा येतो. ढगाळ झालं की काटा बसतो आणि दाणे चिकटून गोळा होतो.

1973 ची संक्रांत मला आठवते. 72 च्या दुष्काळाचं ते साल. माय खडी फोडायला दुष्काळी कामावर जायची. त्या उन्हाळ्यात राज्यात जवळजवळ 50 लाख माणसं अशा कामांवर होती, हे मी पुढे वाचलं. तेव्हा आम्हाला फक्त आमची माय दिसत होती. तिथे सुकडी मिळायची. माय ती स्वतः अर्धीच खायची आणि उरलेली पदरात बांधून आणायची. आम्हा भावंडांसाठी तीच संध्याकाळची भेट. त्या सालात धाकट्या भावाचं बोरन्हाण करायचं आजीने ठरवलं. तो दोन वर्षांचा, आणि अशा सालात पोराचं राहून गेलं तर बरं नाही, असं तिचं म्हणणं. रेशनची साखर दोन महिने चहात न घालता साठवली. खसखस कुठली आणणार? घरचे तीळ होते. माय कामावर, आजीला नीट दिसेना, म्हणून परातीपाशी अक्का बसली. बारा वर्षांची. चार दिवस शाळा बुडवून तिने बोटं फिरवली. बोटांच्या टोकांना फोड आले, तर आजीने त्यावर तूप लावलं आणि परत बसवलं. त्या साखरेत एक मुकुट आणि एक हार झाला. बाजूबंद राहिले. बोरं मात्र कमी पडली नाहीत, बांधावरच्या बोरीला दुष्काळ माहीत नव्हता.

मी हे अनेक वर्षं हौसेने सांगत आलो. एकदा अक्का समोर होती. ती म्हणाली, "माझं बोरन्हाण झालंच नव्हतं रे. पोरीचं कोण करतं?" मी नऊ वर्षांचा होतो तेव्हा, आणि साठीला येईपर्यंत हा प्रश्न मला पडलाच नव्हता. घरच्या भेटींचं आपण कौतुक करतो तेव्हा त्यामागे कोणाची बोटं होती, हे विचारत नाही. पैसे नव्हते म्हणून घरी करायचे, हे एक. आणि बायकांच्या, पोरींच्या वेळेला मोल नव्हतं म्हणून जमायचं, हे दुसरं.

सोसायटीतली गोष्ट थोडक्यात. सुरुवातीची काही वर्षं मोकळ्या प्लॉटवर दिवाळीत किल्ला व्हायचा. काळी माती सुकली की भेगा पडायच्या, म्हणून टेकडीवरून मुरूम आणायचो. रायगड सगळेच करतात. आपली पोरं साल्हेर करायची, राज्यातला सगळ्यात उंच किल्ला आपल्या शेजारी बागलाणात असताना दुसरा कशाला? 1672 ची लढाई मांडायची, प्रतापराव आणि मोरोपंत मातीचे. पुढे प्लॉटवर बांधकाम झालं आणि किल्ला पार्किंगमध्ये आला, छोटा झाला. मग नाताळचा घोळ. इंग्रजी शाळेतल्या पोरांना आठवडाभर सुट्टी, जिल्हा परिषदेच्या शाळेतल्यांना एकच दिवस. एका वर्षी आम्ही वर्गणीतून सगळ्यांना सेलवर चालणाऱ्या गाड्या आणल्या. समितीत मीही होतो. आठ दिवसांत निम्म्या बंद पडल्या आणि वर्गणीवरून सभेत वाद झाला, तो इतिवृत्तात आहे.

तीन वर्षांपूर्वी अक्का माझ्याकडे राहायला आली आणि कॉलनीतल्या सुनांना हलवा शिकवायला बसली. तिची एक अट होती: परातीपाशी पाळीपाळीने सगळ्यांनी बसायचं, पुरुषांनीसुद्धा. पहिल्या वर्षी माझा हलवा गोळा झाला. दुसऱ्या वर्षी थोडा काटा आला. मागच्या जानेवारीत सहा बाळांचं बोरन्हाण झालं, त्यातल्या चार मुली. दागिने कमी पडले, म्हणून मुकुट एकीच्या डोक्यावरून दुसरीच्या डोक्यावर गेला.

यंदा जास्त करायचे आहेत. पाक डिसेंबरच्या शेवटी घालावा लागेल, थंडी धरून. परात माझ्याकडे आहे, कल्हई करून ठेवली आहे. कोळसा आणि साखर कोण आणतंय, तेवढं पुढच्या सभेत ठरवू.